माघात आंब्याचा वास

मॅडमनं मपल्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आन मधीच थांबून नाक वर केलं. फोटोवाला म्हणत व्हता, मामा इकडं बघा, हसा जरा. मॅडम बारीक आवाजात म्हणल्या, "मामा, आंब्याचा वास येतोय का हो कुठून?" माघ महिना चालू. आंब्याला आता कुठं मोहर धरलेला. म्या म्हणलं, "अगरबत्ती आसंल." टेबलावर खरंच अगरबत्ती लावलेली व्हती, पर ती मोगऱ्याची, आन ते मॅडमला बी कळत व्हतं आन मला बी. त्या हसल्या, बाजूला सरकल्या. फोटो निघाला. मपल्या बंडीच्या आतल्या खिशात ते आंब्याच्या वासाचं वाफेचं पेन व्हतं, ऐन छातीवर, शालीच्या खाली. नावाचा पुकारा व्हायच्या आगोदर गेटच्या खोलीत दार लोटून म्या दोन झुरके मारून आलतो. लग्नाला निघताना माणूस तांब्याभर पाणी पिऊन निघतो, तसं.

विजयसिंह मालक माईकवर म्हणले, "शून्य! आपल्या जिनिंगमधे चौऱ्याऐंशी कामगार, आन त्या वाफेच्या सिगारेटला हात लावणारा एक बी न्हाई. मॅडमच्या कागदावर आलंय, मपलं म्हणणं न्हाई. आन हे कुणामुळं? गेटवरच्या आमच्या बंकटमुळं." टाळ्या पडल्या. गाठी दाबायच्या प्रेसवरचा लखन सगळ्यात जोरात वाजवत व्हता, दात काढून. त्याच्या खिशात पुदिन्याच्या वासाचं पेन हाय, ते मला ठाऊक. त्याच्या शेजारच्याकडं बी हाय. तिसऱ्या रांगेतल्या तिघांकडं हाय. सगळं मपल्या हाताखालून गेलेलं. माणूस खोटं बोलतो आन समोरचे फसून टाळ्या वाजवतेत, ते मी समजू शकतो. पर इथं वाजवणाऱ्याला बी ठाऊक, घेणाऱ्याला बी ठाऊक, फसलेली एकटी मॅडम, ती पोर, मेडिकल कॉलेजवरनं जीपमधे धूळ खात आलेली. आन चौऱ्याऐंशी म्हणले तरी आज समोर त्र्याऐंशीच बसलेले. बायांच्या रांगेत कडंची जागा मोकळी. वनमाला तिथं बसायची.

गेटवर मला बावीस वरसं झाली. जिनिंगमधे कापूस असतो, गंजीच्या गंजी, आन कापसाला काडी नको. म्हणून सकाळी पाळीला येणाऱ्या परत्येक माणसाचा खिसा मी तपासतो. काडीपेटी, बिडी, लायटर, सगळं काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायचं आन पाळी सुटली की ज्याचं त्याला द्यायचं. कुणाची काडीपेटी कुणाची ते मला छापावरनं, दुमडलेल्या कोपऱ्यावरनं कळतं. साळा मी चौथीतच सोडली, पर हे वाचता येतं. बायांच्या कनवटीला मी हात लावत न्हाई, त्या आपापल्या पिशव्या झटकून दाखवतेत. बावीस वर्षात मपला खिसा कुणी तपासला न्हाई. कोण तपासणार? मी आत येतो तवा गेटवर मीच असतो.

म्या एकदा गंजी जळताना बघितलीय. कुणाची तरी बिडी. लोकांला वाटतं कापूस भडकतो. वरनं भडकतो थोडा, पाणी मारलं की इझतो, पांढरा दिसतो परत. पर आत जळत ऱ्हातो. गाठ बांधून बाजूला ठिवली तरी आत चार चार दिवस जळत ऱ्हातो, धूर न्हाई, जाळ न्हाई. हात ठिवला तर ऊन लागतं, तेवढंच. त्या सालापासनं म्या बिडी सोडली. लोकांला सांगायचो, बघा मी सोडली, तुमी कावून सोडत न्हाई? लई मोठेपणा वाटायचा. साखराबाई, मपली बायको, ती म्हणायची, ह्यांनी बिडी सोडली आन बोलणं धरलं.

दिवाळीत मालकाचा पोरगा अमरसिंह पुण्याहून आला तवा ते पेन पहिल्यांदा गेटवर आलं. म्या मालकाच्या पोराला बी तपासतो, त्याला त्याचं हसू येतं. त्यानं खिशातनं ते निळं, बोटाएवढं काढून मपल्या हातावर ठिवलं. "बंकटमामा, वास घ्या." आंबा! पिकलेला, आडीतला, तसा. "ह्याला आग न्हाई मामा. वाफ हाय नुसती. तुमचा नेम काडीचा, ह्यात काडी कुठं हाय?" म्या उलटंसुलटं करून बघितलं. काडी नव्हती. नेम काडीचाच व्हता. सरकारनं ते कवाच बंद केलंय हे मला मागनं मॅडमकडनं कळलं, पर तवा मला आगीशिवाय दुसरं काय तपासायचं ठाऊकच नव्हतं. त्यानं ते मलाच देऊन टाकलं. दुसरं व्हतंच त्याच्याकडं. पहिला झुरका घेतला तवा चौदा वर्सांमागं सोडलेली बिडी परत छातीत येऊन बसली, पर गोड होऊन, वास बदलून, लग्नात लाजून आलेल्या पाव्हण्यासारखी. पंधरा दिवसात लखननं परळीहून कुठून तरी आणलं. "म्हाताऱ्या, तुला चालतं आन मला न्हाई का बे?" म्या सोडलं. मग दुसऱ्याचं सोडलं. डब्यात काड्यापेट्या कमी पडायला लागल्या, आन मालक म्हणायले, बंकट, बिड्या कमी झाल्या रं! साखराबाई एक दिवस बंडी धुताना म्हणली, "म्हातारपणी अत्तर लावताव का काय?" म्या म्हणलं, व्हय. तिथून मग कुणालाबी व्हय म्हणायला आन न्हाई म्हणायला मला काय वाटंना.

वनमालाचं सांगायचं म्हणलं की जीभ जड व्हती. ती धर्मापुरीची. मशिनीत कापूस लोटायच्या कामावर, आठ वरसं. मला दादा म्हणायची, आन दर राखीला जिनिंगमधल्याच सुताची राखी वळून आणायची. मिश्री लावायची, दहा वर्साची असल्यापासनं. काळी डबी कनवटीला, सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, चार वाजता एकदा. कार्तिकाच्या शेवटाला मॅडमचं तंबाखू सोडायचं शिबिर झालं तवा बायांनी मिश्रीच्या डब्या एका टोपलीत टाकायच्या व्हत्या, समद्यांसमोर. तिनं बी टाकली. आठ दिवसांनी मपल्या खोलीमागं, जिथं बायांचा पाण्याचा रांजण हाय, तिथं भितीला टेकून बसलेली. हात कापायले. "दादा, डोकं फुटायलंय. समद्यांसमोर टाकली, आता परत कुठल्या तोंडानं लावू?" मला कीव आली. हे खरं हाय, कीवच आली, दुसरं काय नव्हतं. बंडीतनं काढून दिलं. "दोन झुरके मार. तंबाखू न्हाई ह्यात. आंबा हाय." तिनं भितीकडं तोंड केलं, पदर घेतला, आन बाईमाणूस धूर ओढताना कुणी बघंल म्हणून आदी मलाच म्हणली, "दादा, तिकडं बघा." म्या बघितलं तिकडं. दोन दिवसांनी म्हणली, डोकं थांबलं. म्या लखनकडनं तिला तसलंच आंब्याचं एक आणून दिलं. तंबाखूचा जो खरा जीव असतो तो त्यात मिश्रीहून जास्त हाय, हे मला कुठं ठाऊक? पर ठाऊक नव्हतं म्हणून जेवढं हलकं वाटाय पायजे तेवढं वाटत न्हाई.

मार्गशीर्षात मॅडम परत आल्या, तेजश्री मॅडम, कागदं घेऊन. परत्येकाला एका नळीत फुंकायला लावायचं, बिडीचा धूर त्यात कळतो, वाफ न्हाई कळत, आकडा लिहायचा, मग तीस प्रश्न. मॅडमची भाषा पुस्तकातली, लोकांला कळंना. अकरावा प्रश्न आला, इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे सेवन कधी केले आहे का, तर म्हातारा बाबू म्हणला, "वीज तर घरी बी नीट न्हाई, मॅडम." लोक हसले. मॅडम बी हसल्या आन मला म्हणल्या, "मामा, तुम्ही इथं शेजारी बसा. तुम्हाला सगळे मानतात. मी विचारते, तुम्ही समजावून सांगा." मी बसलो. खुर्ची टाकून, मॅडमच्या उजव्या हाताला, उत्तर देणाऱ्याच्या ऐन समोर. एकेक माणूस यायचा. मॅडम अकरावा विचारायच्या. मी सांगायचो, "म्हंजे ते वाफेचं पेन. ओढतो का?" आन विचारता विचारता मपली मान हलायची. लई न्हाई, बोटभर. डावीकडं, उजवीकडं. पहिल्यांदा हलली तवा मला बी कळलं न्हाई. लखनच्या वक्ताला कळलं, कारण तो मपल्या मानंकडं बघून डोळा मारून म्हणला, "न्हाई मॅडम. असलं काय आमच्या गावाला माहीत बी न्हाई." त्याच्या पुढं मी जाणूनबुजून हलवली. चौऱ्याऐंशी वेळा मॅडमनं त्या एका चौकोनात फुली मारली. वनमाला आली. नळीत फुंकताना तिला खोकला आला. अकराव्याला तिनं मपल्याकडं बघितलं. आस लावून बघितलं. तिला सांगायचं व्हतं, मला आता वाटतं, छातीत दुखायला लागलं व्हतं तिच्या, तिला कुणाला तरी सांगायचं व्हतं. मपली मान हलली. ती म्हणली, "न्हाई." शेवटी मॅडमनं मलाबी विचारलं, सहज, लिहायचं पेन खाली ठिवता ठिवता, "मामा, तुमचं तर नाहीच ना?" मला मान हलवायची बी गरज पडली न्हाई.

पौषात तिला ताप भरला, दम लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली. मी बघायला गेलतो. नवरा उत्तरेश्वर कॉटशेजारी उकिडवा बसलेला. शेरडं-मेंढरं राखणारा माणूस, बोलणं कमी. बशीत चहा ओतून, फुंकून, तिच्या तोंडाला लावत व्हता. मला बघून "ये" म्हणला, सरकला, पर डोळे बशीतनं वर केले न्हाईत. डॉक्टर तरणा व्हता. म्हणला, दोन्ही फुप्फुसं फोटोत पांढरी दिसतात, जिनिंगचा भुरका, म्हंजे कापसाची धूळ, दिसतोय, आता आयुष्यात कापसात काम करायचं न्हाई. वनमालाचा चेहराच उतरला. त्या कामाशिवाय तिला दुसरं काय येत न्हाई, आन त्या कामावर ती घरात मान वर करून चालती. मग डॉक्टरनं विचारलं, "ताई, अजून काही ओढण्यात, हुंगण्यात येतं का? नीट आठवा. कळलं तर औषध त्या हिशोबानं देता येईल. नुसत्या भुरक्यानं इतक्या लवकर एवढं होत नाही." तिनं परत मपल्याकडं बघितलं. दवाखान्यात. नाकात नळी. आन मपली मान, बाबांनो, मपली मान हलली. बोटभर. डॉक्टरनं कागदावर लिहिलं आन पुढच्या कॉटला गेला. मी येष्टीनं घरी आलो, सिरसाळ्याच्या स्टँडवर उतरलो, आन मुतारीमागं जाऊन ते पेन ओढलं. त्या दिवशी ओढलं! आज शाल पडली तवा मला तेच आठवायलं, की त्या दिवशी बी मी ओढलं.

"बंकट, दोन शब्द बोल," मालक म्हणले. माईक तोंडासमोर आला. मी उभा ऱ्हायलो. शालीच्या आत ऊन लागत व्हतं, छातीपाशी, जिथं ते पेन व्हतं. लोक बघत व्हते. लखन म्हणला, "बोल की बे म्हाताऱ्या, एरवी तर थांबत न्हाईस!" हसू झालं. समद्यांसमोर सांगावं असं मनात आलं. पर समद्यांसमोर सांगितलं तर पहिलं नाव कुणाचं निघंल? बायांच्या रांगेतल्या त्या मोकळ्या जागेचं. सांगितलं तर बाईची अब्रू, न्हाई सांगितलं तर बाईचा जीव, आन दोन्ही मपल्याच हातानं. म्या म्हणलं, "मला बोलाय येत न्हाई," आन बसलो. लोकांला वाटलं, केवढा साधा माणूस. परत टाळ्या.

मॅडम जीपपाशी कागदांचा गठ्ठा ठिवत व्हत्या. म्या शाल काढून जीपच्या टपावर ठिवली, नारळ ठिवला. हात वर केले, जसे लोक रोज मपल्यासमोर करतेत. "मॅडम, मपला खिसा तपासा."

"मामा, काय हे?"

"तपासा. डावीकडचा, आतला."

त्यांनी तपासला न्हाई. मीच काढून त्यांच्या हातावर ठिवलं. त्यांनी वास घेतला आन डोळे मिटले. म्या सांगितलं. कुणाची नावं न घेता सांगितलं, गेटचं, खुर्चीचं, मानंचं. मग एक नाव घेतलं, कारण ते घेतल्याशिवाय भागत नव्हतं.

"चौऱ्याऐंशी फॉर्म, मामा," त्या म्हणल्या. आवाज चढला न्हाई, तेच वाईट. "मी हे वर पाठवलंय. लोक हे वाचून ठरवणार होते की खेड्यातल्या कामगाराला याचा धोका नाही." मग म्हणल्या, "खुर्ची मी टाकायला लावली. उत्तर देणाऱ्याच्या समोर कुणाला बसवू नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला." मला ते आवडलं न्हाई. मपली लाज त्यांनी वाटून घेऊ नये असं वाटलं. ती मपली एकट्याची व्हती.

"कधीपासून ओढते ती?" त्यांनी विचारलं.

"शिबिरानंतर आठ दिवसांनी."

दार उघडून म्हणल्या, "बसा जीपमधे."

सारी वाट मी खिडकीतनं बघत व्हतो. ज्वारी हुरड्याला आलेली, कुठं कुठं कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या. मॅडम फोनवर डॉक्टरशी बोलत व्हत्या, इंग्रजीत, आन मधेच "आंबा" म्हणल्या, तेवढं कळलं. मनात एकच चालू व्हतं, उत्तरेश्वर. त्याला काय सांगू, की तुपल्या बायकोला म्या भितीआड बसून ओढायला शिकवलं? बायको मिश्री लावती हे कुणाला बी चालतं. बायको वाफ ओढती, ती बी परक्या माणसाच्या हातची, हे कुणाला चालंल?

तो वार्डाच्या बाहेर, पायरीवर बसलेला. मॅडम आत गेल्या. मी त्याच्यासमोर उभा ऱ्हायलो. "उत्तरेश्वर, मला तुला एक सांगायचंय."

"सांग," तो म्हणला. "दोन महिने वाट बघायलोय."

म्या विचारलं, "काय वाट बघायलास?"

तो जमिनीकडं बघून बोलला. "मी शेरडं राखतो, बंकट. शेरडानं काय खाल्लं, कुणाच्या रानात गेलतं, ते मला तोंडाच्या वासावरनं कळतं. मार्गशीर्षापासनं तिच्या पदराला आंब्याचा वास. अवेळी. म्हणलं, आसंल काय तरी. मग राशनच्या दुकानापुढं तू मपल्या शेजारी उभा ऱ्हायलास. तुपल्या बंडीला तोच वास." त्यानं आता मपल्याकडं बघितलं. "आता सांग."

इतका वेळ मला वाटत व्हतं की मपली लाज किती, ती मला ठाऊक हाय. न्हाई ठाऊक. म्या खाली बसून त्याचे पाय धरले. सांगितलं समदं, रांजणापासनं, मानंपर्यंत, दोन्ही वेळच्या. तो ऐकत ऱ्हायला. संपलं तवा त्यानं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच व्हतं?" परत म्हणला, आन पटक्याचं टोक तोंडात कोंबून बसला, खांदे हलायले. मला वाटलं हसायलाय. मग दिसलं. दोन महिने हा माणूस ते पोटात ठिवून मेंढरामागं हिंडला, आन तरी तिला बशीतनं चहा फुंकून पाजत व्हता. बशीवर खाली गेलेले ते डोळे मला तवा कळले. थोड्या वेळानं तो म्हणला, "पाय सोड बे. लोक बघायलेत." आन मग, "तिला म्हणू नको. म्या काय समजलो ते. तेवढं तिला म्हणू नको." मी न्हाई म्हणलो. ह्या साऱ्यातलं तेवढं एक न्हाई खरं व्हतं.

आत गेलो. डॉक्टर आलता, मॅडम कॉटच्या पायथ्याला. वनमाला लई सुकलेली. मला बघून पदर सावरला. पेन डॉक्टरच्या हातात व्हतं, तिनं ते बघितलं आन कळलं तिला. डॉक्टर म्हणला, "यांनी सांगितलंय मला. पण मला तुमच्या तोंडून पाहिजे, ताई. कधीपासून, दिवसातून किती वेळा. तुम्ही हे ओढत होता का?"

तिचे डोळे मपल्याकडं आले. सवयीनं. मानंकडं.

मी फिरलो. दाराबाहेर गेलो, भितीआड, जिथनं मी तिला दिसत न्हाई. उत्तरेश्वर आत ऱ्हायला. बाहेर लोखंडी बाकावर एक म्हातारी केळं सोलत बसलेली, ती म्हणली, काय झालं रं बाबा, कोण हाय तुझं आत? आतनं आवाज नव्हता. मशीन टिकटिक करायलं. आन मपली मान, कुणी बघायला नसताना, कुणाला सांगायचं नसताना, हळूच डावीकडं जायला लागली. म्या हातानं हनुवटी धरली. घट्ट धरली, दोन्ही हातानं.

लई वेळानं आतनं ती म्हणली, "व्हय."

म्हातारीनं केळ्याचा तुकडा पुढं केला. म्या हात सोडले न्हाईत.